झाकण लागण्यापूर्वी

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण वर्गात फोड करून सांगावी लागेल, असे आम्ही शिकवायला लागलो तेव्हा आम्हांला वाटले नव्हते. संस्कृतात तिचे थोरले भावंड आहे, ‘स्थालीपुलाकन्याय’. स्थाली म्हणजे शिजवण्याचे भांडे, पुलाक म्हणजे भाताचे शीत. सगळी शिते एकाच भांड्यात, एकाच आधणात, एकाच आचेवर आहेत. तेव्हा एक शीत बोटांत दाबून ते शिजल्याचे दिसले, तर बाकीचीही शिजली असे मानायला हरकत नाही. अनुमानाचे इतके घरगुती उदाहरण शास्त्रांत क्वचितच सापडेल. साहित्याच्या अध्यापकाने तर ह्या न्यायाचे कायमचे ऋणी असावे. चार कविता वाचून कवीबद्दल आणि एका परिच्छेदावरून शैलीबद्दल बोलण्याचा आपला जो रोजचा व्यवसाय आहे, तो ह्या एका शितावर उभा आहे.

म्हणीचा अर्थ विद्यार्थ्यांना कळतो. अडते ते वेगळ्याच ठिकाणी. द्वितीय वर्षाच्या वर्गात एका मुलीने विचारले, “पण मॅडम, कुकर मध्येच कसा उघडायचा?” वर्ग हसला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. उघड्या पातेल्यात रटरटणारा भात, त्यावरची सरकवलेली ताटली, पळीच्या टोकावर काढलेली दोन शिते आणि ती दाबून पाहणारी बोटे हे दृश्य तिने पाहिलेलेच नव्हते. म्हण तिच्यापर्यंत पोचली होती. म्हणीमागची कृती वाटेत कुठेतरी गळून पडली होती. आणि अलीकडे आमच्या स्वयंपाकघरात जे भांडे आले आहे, ते तर ह्या म्हणीशी उघड वैर धरूनच घडवलेले आहे.

हे भांडे म्हणजे विजेवर चालणारा तीन लिटरचा प्रेशर कुकर. उंचीने लहान कळशीएवढा. आत सुटे पातेले, बाहेर बटणांची पट्टी, झाकणावर वाफेची झडप आणि एक बारीक पिन. शिट्टी नाही. झाकण फिरवून लावायचे आणि बटण दाबायचे. आत पुरेशी वाफ कोंडली की पिन वर येते आणि झाकण जागच्या जागी अडकते. आतला दाब उतरल्याशिवाय ते कुणाच्या बापाला उघडत नाही. शिजणे संपले की यंत्र बारीक आवाज करते आणि आपण होऊन थांबते.

ते घरात का आले, हे सांगितल्याशिवाय पुढचे बोलणे अधांतरी राहील. आम्ही दोघे जतला महाविद्यालयात मराठी शिकवतो. मुलगी शिक्षणासाठी पुण्याला असते. घरातले तिसरे माणूस म्हणजे आमच्यापैकी एकाची आई आणि दुसरीची सासू. सून त्यांना ‘आत्या’ म्हणते; आमच्याकडे सासूला तशीच हाक मारण्याची रीत आहे, आणि पलीकडच्या कन्नडातही सासू ‘अत्ते’च. ह्या लेखापुरते आम्ही त्यांना आई म्हणू. आईंनी अठ्ठ्याहत्तरी ओलांडली आहे. सकाळी दहापासून सायंकाळी पाचपर्यंत त्या घरात एकट्या असतात. नजर मंदावली आहे, आणि गॅसवर काही ठेवले आहे हे शेजारणीशी बोलताना लक्षात राहत नाही. दोनदा डाळ करपली. तिसऱ्यांदा कुकरमधले पाणी पार आटले आणि रबरी रिंगचा जळका वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला. त्यानंतर कॉलेजला निघताना सिलिंडर बंद करून जाण्याची आणि आईंचे जेवण डब्यात झाकून ठेवण्याची पद्धत पडली.

आई त्यावर काही बोलल्या नाहीत. फक्त संध्याकाळी परत आल्यावर डबा निम्माच संपलेला दिसू लागला. आठ-दहा दिवसांनी एकदा म्हणाल्या, “गार गिळायला मी काय आजारी हाय?” साठ वर्षे चुलीपुढे आणि शेगडीपुढे उभे राहिलेल्या बाईला दुसऱ्याने झाकून ठेवलेले अन्न वेळेवर खायचे असते, असे सांगणे आम्हांला जड जात होते. गरम अन्नाचा प्रश्न तर होताच. पण त्याहून मोठा प्रश्न असा होता की आपल्या घरात आपण काय आणि केव्हा शिजवायचे, हे ठरवण्याचा हक्क त्यांच्याकडून गेला होता. आपण होऊन बंद होणारे भांडे घरात आले ते ह्या कारणाने.

जाहिराती ह्या भांड्याला झटपट म्हणतात. ते तितकेसे खरे नाही. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही. आच वाढवली तर वाफ अधिक निघते, उष्णता वाढत नाही. झाकण बंद करून दाब वाढवला की पाणी उकळण्याचा बिंदू वर सरकतो. शेगडीवरच्या कुकरात तो १२० अंशांच्या आसपास जातो, म्हणून डाळ लवकर शिजते. विजेवरच्या कुकरांत दाब सहसा थोडा कमी ठेवलेला असतो, त्यामुळे ते किंचित मंदच. शिवाय पट्टीवर दिसणारी ‘दहा मिनिटे’ सुरू होतात ती वाफ कोंडल्यानंतर. त्याआधी तापायला आठ-दहा मिनिटे आणि नंतर वाफ आपोआप जिरायला आणखी तेवढीच. एकूण अर्धा तास होतोच. यंत्र वेळ वाचवत नाही. ते त्या वेळात आपल्याला त्याच्यापुढे उभे करत नाही. आईंच्या बाबतीत नेमके हेच हवे होते. विजेचा खर्चही बेताचा आहे: ७०० वॅटचे यंत्र पंधरा मिनिटे पूर्ण तापत राहिले, तरी पाव युनिटसुद्धा होत नाही. भारनियमनाच्या ऐन काळात मात्र असले भांडे आमच्या गावात शोभेला ठेवावे लागले असते. आजही वळवाच्या पावसात वीज जाते. मग आई “झोपलं बघा” म्हणून आतल्या अन्नाला आपल्या गतीने शिजू देतात.

कोंडलेल्या वाफेचा इतिहास तसा जुना आहे. देनी पापँ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये लंडनमध्ये हाडेसुद्धा मऊ करणारे बंद भांडे दाखवले, आणि ते फुटू नये म्हणून सुरक्षेची झडपही त्यानेच बसवली. लहान घराचा विचार मात्र फार पुढे सुरू झाला. १९१० मध्ये कलकत्त्याच्या इंदुमाधव मल्लिक ह्यांनी ‘इकमिक कुकर’ तयार केला. मल्लिक हे अध्यापक, वकील आणि डॉक्टर असे सगळेच होते. एका उभ्या नळकांड्यात एकावर एक डबे, तळाशी कोळशाचे निखारे. भात, डाळ, भाजी एकाच वाफेवर सावकाश शिजायची. नोकरीसाठी एकट्या राहणाऱ्याला आणि प्रवाशाला तो सोयीचा होता. योगायोग असा की त्याच १९१० साली मराठीत लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हे पुस्तक आले. एकीकडे भरल्या घरातल्या गृहिणीसाठी हजार पाककृती आणि दुसरीकडे घराबाहेर पडलेल्या एकट्यासाठी तीन-चार डबे: विसाव्या शतकातल्या आपल्या घरांचे दोन्ही रस्ते त्या एका वर्षात दिसतात.

१९५५ मध्ये जपानच्या तोशिबा कंपनीने आपोआप बंद होणारा भाताचा विजेचा कुकर बाजारात आणला. त्यामागची हकीकत आम्हांला फार महत्त्वाची वाटते. योशितादा मिनामी ह्या लहान कारखानदाराकडे ते काम आले, आणि भात कसा शिजतो ह्याचे प्रयोग त्याची पत्नी फुमिको हिने केले. घर आणि मुले सांभाळून ती वेगवेगळ्या हवामानात भात शिजवून पाहत होती आणि आकडे टिपून ठेवत होती. शेवटी सापडलेली युक्ती साधी होती. बाहेरच्या भांड्यात मोजून पाणी घालायचे. ते आटले की तापमान शंभराच्या वर चढते, आणि त्या चढत्या तापमानाने वाकणारी धातूची पट्टी विजेचा खटका पाडते. एका बाईच्या नजरेने आणि वासाने जे ओळखले होते, ते त्या पट्टीत जाऊन बसले. पुढे १९९१ मध्ये चीनमध्ये विजेवरच्या प्रेशर कुकरचे पेटंट घेतले गेले, आणि २०१० मध्ये कॅनडात ‘इन्स्टंट पॉट’ निघाला. परदेशातल्या मराठी घरांत वरण, उसळ आणि साबुदाण्याची खीर आज त्यात शिजते. आमच्या घरातले भांडे त्याच कुळातले, लहान चणीचे.

ह्या सगळ्या प्रवासात एक गोष्ट हळूहळू सरकत गेली आहे. स्वयंपाकाचे ज्ञान पूर्वी शिजण्याच्या मधोमध असे. झाकण उचलून पाहणे, पळी फिरवणे, पाणी वाढवणे, निखारे ओढून घेणे, शीत दाबणे ही सारी मधल्या वेळातली कौशल्ये. कुकर आला तेव्हा डोळ्यांचे काम कानाकडे गेले. पण कान तरी उरला होता. ‘तीन शिट्ट्या’ हे माप कुठल्याही शास्त्रात बसणारे नव्हे. शिट्टी केव्हा होणार हे आचेवर, पाण्यावर आणि भांड्याच्या आकारावर अवलंबून. तरीही दोन पिढ्या ह्या मापावर जेवल्या, कारण शिट्टी मोजणारे माणूस मध्ये हस्तक्षेप करू शकत होते. आता शिट्टीही गेली. जे काही ठरवायचे ते झाकण लागण्यापूर्वी ठरवायचे. किती धान्य, किती पाणी, किती मिनिटे. त्यानंतर मधला वेळ यंत्राचा.

पहिल्या दिवशी आईंनी तक्रार केली ती हीच. “आत काय चाललंय ते दिसंना, ऐकू येईना. असलं कसलं शिजवणं?” त्यांची ही तक्रार ऐकताना आम्हांला संस्कृत काव्यशास्त्रातला एक जुना वाद आठवला. ‘पाक’ हा शब्द आपल्या साहित्यशास्त्राने स्वयंपाकघरातूनच उचललेला आहे. रचनेची परिपक्वता म्हणजे पाक. वामनाचे म्हणणे असे की ज्या रचनेतला शब्द काढून दुसरा घालता येत नाही, तिथे शब्दपाक साधला. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त हे मत देऊन लगेच आपली पत्नी अवंतिसुंदरी हिचे मत दिले आहे. ती म्हणते, ही तर अशक्ती झाली, पाक नव्हे. थोर कवींच्या बाबतीत एकाच वस्तूसाठी अनेक पाठ परिपक्व असू शकतात. बदल करता येत नाही ह्याला पक्वता म्हणायचे की असमर्थता, असा हा प्रश्न आहे. झाकण लागल्यावर ज्यात मीठसुद्धा घालता येत नाही, असे भांडे वामनाला पसंत पडले असते. आमच्या आई मात्र अवंतिसुंदरीच्या पक्षातल्या.

पण त्या पक्षात राहूनच त्यांनी हे भांडे ताब्यात घेतले. ते कसे, हे पाहण्यासारखे आहे.

पहिला अडथळा भाषेचा होता. पट्टीवरची अक्षरे इंग्रजी, आणि पदार्थांची नावे तांदूळ खाणाऱ्यांच्या आणि सूप पिणाऱ्यांच्या जगातली. जत हा ज्वारी-बाजरीचा मुलूख. आईंच्या लहानपणी भात सणासुदीला होई; रोजचे अन्न भाकरी, आणि भाकरी ह्या भांड्याच्या कक्षेत येतच नाही. तिला तवा हवा, ऊन पाणी हवे, परातीवर फिरणारे तळहात हवेत. मग ह्या भांड्यात काय शिजणार? आईंनी उत्तर शोधले ते जोंधळ्याच्या कण्यांत आणि हुलग्यांत. त्यासाठी बटण नव्हते. एक वाटी कण्यांना चार वाट्या पाणी, मीठ, आणि पंधरा मिनिटे. हुलगे रात्री भिजवलेले असले तर वीस मिनिटे. दोन-तीन खेपांत हे जमले. ताकात कालवलेल्या कण्या दुपारी बारा वाजता गरम खायला मिळणे हे आईंच्या दृष्टीने स्वातंत्र्य होते. आता संध्याकाळी आम्ही परत येतो तेव्हा त्या भांड्यात आमच्यासाठीही काही शिल्लक असते.

बटणांवर मराठी चिठ्ठ्या चिकटवण्याचे काम आम्हां दोन मराठीच्या पदव्युत्तरांकडे आले. ‘भात’, ‘डाळ’, ‘बंद’ सोपे होते. शिजून झाल्यावर अन्न गरम ठेवणारे एक बटण असते, तिथे आम्ही अडलो. ‘उष्णता राखा’, ‘गरम ठेवा’ असे काही लिहून पाहिले. ते सरकारी फलकासारखे दिसू लागले. आईंनी विचारले, हे करते तरी काय? आम्ही सांगितले, शिजलेले अन्न मंद आचेवर तसेच गरम ठेवते. त्या म्हणाल्या, “मग वैल म्हणा की.” चुलीच्या कडेला जोडलेला तो धाकटा चुला: मुख्य चुलीवर भाकरी चालली असताना जिथे आमटीचे भांडे सरकवून ठेवायचे, तो वैल. आमच्या पिढीने हा शब्द ग्रामीण कथेत वाचलेला होता. तिथे तो प्रादेशिक रंग म्हणून येई आणि आम्ही तो परीक्षेपुरता समजून घेत असू. आईंनी तो सरळ कामाला लावला. आज त्या बटणावर निळ्या शाईत ‘वैल’ लिहिलेले आहे. परिभाषा तयार करण्याबद्दल आम्ही वर्गात बरेच बोललो आहोत. ह्याहून चांगला धडा आमच्याकडे नाही. वस्तू नवी असली तरी तिचे काम जुने असू शकते, आणि जुन्या कामाला शब्द असतो.

दुसरा अडथळा मापाचा. भांड्याबरोबर एक प्लास्टिकचा पेला आला, १८० मिलिलिटरचा. त्या पेल्याचे मूळ जपानमधल्या ‘गो’ ह्या जुन्या मापात आहे. आईंची मापे वेगळी होती. निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, पायली अशी दुपटीने चढत जाणारी ती उतरंड. शेवटी चार शेरांची पायली. त्यांच्या माहेरी जोंधळा पायलीने दळायला जाई आणि डाळ मापट्याने निघे. लग्नानंतर चिपटे आले. पुढे आमच्या घरात वाटी आली. सांगली जिल्ह्यातल्याच कमलाबाई ओगले ह्यांनी १९७० च्या ‘रुचिरा’त वाटी आणि चमचा हीच मापे धरली, आणि नुकत्याच वेगळ्या झालेल्या संसारांतल्या कितीतरी सुनांना त्या पुस्तकाचा आधार वाटला. त्या यशाचे एक कारण हेही असावे की पायली-शेराचे घर तोवर वाटीच्या घरात बदलू लागले होते; सासूच्या हाताखाली शिकायची सोय नसलेल्या मुलीला झाकण लागण्यापूर्वीचे ज्ञान हवे होते, आणि ते छापून मिळाले. पायलीपासून वाटीपर्यंतचा उतार म्हणजे आपल्या कुटुंबाचा इतिहासच आहे. जनगणनेतही कुटुंबाची व्याख्या एका स्वयंपाकघरातून जेवणारी माणसे अशीच केली जाते, आणि मराठीत तर वेगळे होणे म्हणजे ‘वेगळी चूल मांडणे’. २०१९ ते २१ ह्या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतीय कुटुंबाचा सरासरी आकार ४.४ माणसांचा निघाला. आमचे घर त्या सरासरीच्या खाली.

हे ‘खाली’ असणे आम्हांला आकड्याने जाणवले नाही, भांड्याने जाणवले. तीन लिटरचा म्हटला तरी हा कुकर दोन-तृतीयांशापेक्षा अधिक भरायचा नसतो. डाळी-कडधान्ये फुगतात, तेव्हा ती निम्म्यापर्यंतच. मुलगी पुण्याला गेल्यावर कितीतरी महिने आमच्या जुन्या कुकरात चौघांचाच भात पडत होता. सकाळी त्याला फोडणी बसे आणि त्याबद्दल कुणी काही बोलत नसे. जुने भांडे मोठे होते, त्यात एक माणूस सहज लपत असे. नव्या भांड्यात ते लपत नाही. झाकण लावण्यापूर्वी ‘किती जण?’ ह्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते, आणि ते ‘तीन’ असे असते. मुलगी आता आमच्यात राहत नाही, ह्या गोष्टीला आमच्या घरात सर्वांत आधी ह्या भांड्याने कबुली दिली.

इथे खरा प्रश्न येतो. मधला वेळ उघडा असण्यात एक मोठी सोय होती, आणि ती केवळ शीत दाबण्याची नव्हती. दारात कुणी आले की आमटीत पाणी वाढवता येई. उकळत्या आधणात आणखी मूठभर डाळ-तांदूळ टाकता येत. आपल्या आतिथ्याची सगळी रचना ह्या उघड्या पातेल्यावर उभी होती. ‘अतिथी’ ह्या शब्दाची पारंपरिक फोडच मुळी ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो, अशी केली जाते. बंद झाकणाला मात्र तिथी लागते. त्याला आधी कळवावे लागते.

जत तालुका विस्ताराने मोठा. पूर्वेकडच्या उमदी, संख अशा दूरच्या भागातून मुले-मुली शिकायला येतात. स्नेहसंमेलनाची तालीम लांबली, एखादे व्याख्यान उशिरा संपले, की परतीची एस.टी. निघून गेलेली असते. अशा वेळी मुले आमच्याकडे जेवतात. ही काही आमची थोरवी नव्हे, लहान गावातल्या शिक्षकाच्या घरी हे चालतच आलेले आहे. भर उन्हाळ्यात, गावाकडे टँकरची वाट पाहणाऱ्या घरातून आलेले मूल “भूक नाही” म्हणते तेव्हा त्याचा अर्थ काय घ्यायचा, हेही इथे राहून कळू लागते. तिघांचे भांडे घरात आणताना आम्हांला धास्ती होती ती ह्याची. मोठे पातेले न मागता वाढे. हे भांडे पाहून आलेले मूल मनात हिशेब करील आणि उठून जाईल.

आईंनी ह्याचे उत्तर चर्चेविना दिले. त्या वाटीने तांदूळ मोजतात, पातेल्यात घालतात, आणि नंतर डब्यात पुन्हा हात घालून एक मूठ वर टाकतात. आम्ही पहिल्यांदा पाहिले तेव्हा विचारले, ही कुणाची? म्हणाल्या, “येणाऱ्याची.” आणि पाण्याचे काय, ते तर मोजलेले आहे? त्यावर त्यांनी तर्जनी तांदळावर टेकवली आणि तिचे पहिले पेर बुडेपर्यंत पाणी ओतले. तांदूळ थोडे कमी असोत की अधिक, त्यांच्या वर पेरभर पाणी असले की झाले. वाफ बाहेर जात नाही, म्हणून ह्या भांड्याला पाणी कमी लागते. उघड्या पातेल्यात एका वाटीला दोन-अडीच वाट्या पाणी जाई, इथे सव्वा वाटी पुरते. पाण्याचे मोल माहीत असलेल्या ह्या तालुक्यात ही बचत आईंच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. जपानी पेला, पट्टीवरचे आकडे आणि माहितीपुस्तिका ह्यांच्यामध्ये ते एक पेर आणि ती एक मूठ अशी बेमालूम बसली आहे की यंत्राची काही तक्रार नाही.

कुणी आले तर ती मूठ पुरते का? पोटभर पुरत नाही. मग दुसरा घाणा लावावा लागतो आणि त्याला अर्धा तास लागतो. पण पहिला घास तयार असतो, आणि पुढचा अर्धा तास बसून बोलायला मिळतो. एरवी आमच्यापैकी कुणीतरी ओट्यापाशी उभे असे. आता तिघेही आलेल्या मुलासमोर बसलेले असतात. कुणी आले नाही तर सकाळच्या कण्यांबरोबर तो भात संपतो. घरात कमी पडले नाही आणि वायाही गेले नाही.

यंत्रावर बोलताना आपण मराठीचे लोक सहसा दोन सुरांत बोलतो. एक सूर हळहळीचा, चूल गेली आणि चव गेली असा. दुसरा सूर सुटकेचा, बायकांचे कष्ट वाचले असा. दोन्ही खोटे नाहीत. चुलीच्या धुराने आईंचे डोळे किती वर्षे चुरचुरले हे त्यांनाच ठाऊक, आणि त्या धुराबद्दल त्यांनी कधी हळहळ व्यक्त केलेली नाही. पण ह्या दोन सुरांच्या मध्ये एक तिसरी गोष्ट राहून जाते. यंत्र आपल्याकडून मधला वेळ घेते, तेव्हा त्या मधल्या वेळात आपण सवयीने जी सुजनता करत होतो, तीही त्याच्याबरोबर निघून जाते. ती टिकवायची असेल तर सवयीवर भागत नाही. आधी आठवण ठेवावी लागते. पूर्वी दारावर थाप पडल्यावर जे सुचत होते, ते आता थाप पडण्यापूर्वी सुचावे लागते. भांडे जितके लहान आणि नेमके, तितकी ही आठवण अधिक जाणीवपूर्वक करावी लागते. कुठल्याही कंपनीने पट्टीवर त्यासाठी बटण दिलेले नाही, आणि देऊ नये.

पुण्याला खोली करून राहणाऱ्या आमच्या मुलीनेही आता असाच एक कुकर घेतला आहे, आमच्याहून लहान. खोलीत दोघी मुली. पहिल्या दिवशी तिने फोन करून पाण्याचे माप विचारले. आम्ही सव्वा वाटी म्हणून सांगत होतो, तेवढ्यात आईंनी फोन घेतला आणि तर्जनीचे पेर सांगितले. मग जरा थांबून विचारले, “मूठ टाकलीस का वरची?” पलीकडून काय उत्तर आले ते आम्हांला ऐकू आले नाही. आई एवढेच म्हणाल्या, “आधी टाक. मागनं झाकण निघत नाही.”